चौथ्या मैलावरचे दगड

सिदाप्पा गेल्याची बातमी मला इराप्पा गाडीवानाकडून कळली. बेळगावच्या पेठेत तंबाखूनं ठासून भरलेले बोद उतरवून तो गाडी तशीच आमच्या कचेरीकडे घेऊन आला. बैल सोडले नाहीत, आत आला नाही, फाटकाशी उभा राहून शिपायाला म्हणाला, "रस्त्याच्या सायबास्नी भाईर बोलवा." मी बाहेर गेलो तर तो जुवाच्या खिळीशी चाळा करत उभा होता. "चवथ्या मैलाचा आप्पा गेला, सायेब," म्हणाला. "मंगळवारी. सांजच्याला दगडं हलिवली, आडावर हातपाय धुतलं आणि लिंबाखाली टेकला. घरातनं गंगाक्कानं भाकरीला हाक मारली तर ओ न्हाय..." मग म्हणाला, "आमी गाडीवानांनीच खांदा दिला बगा. रस्त्याच्या मधनं न्हेला. दगडं त्येनं ठेवल्याली तशीच हुती. एक बी हलिवला न्हाय, वळसा घालून न्हेला." एवढं सांगून त्यानं डोळे पुसले आणि लगेच, रडणं आवरावं म्हणून की काय, बैलाच्या पाठीवर थाप मारून "चल रं" म्हणाला. मी कचेरीत येऊन बसलो. समोर पुलांच्या दुरुस्तीची फाईल उघडी होती. ती दिवसभर उघडीच राहिली.

या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे होऊन गेले. सिदाप्पा कोणी मोठा माणूस नव्हता. निपाणीहून बोरगावकडे जाणारा जो मुरमाचा रस्ता आहे, त्याच्या चौथ्या मैलाचा तो मैलकुली. एका मैलाला एक माणूस, त्याच्याकडे एक फावडं, एक पाटी, माती चोपायला एक धुम्मस आणि छातीवर पितळेचा बिल्ला. खड्डा पडला की भरायचा, गटार तुंबलं की मोकळं करायचं, बाजूच्या झाडांना उन्हाळ्यात पाणी घालायचं, हे त्याचं काम. अशा माणसावर कोणी लिहीत नाही. मी लिहितो आहे कारण मी त्याचा अपराधी आहे, आणि त्या अपराधाची हकीकत त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. आता ती फक्त मला ठाऊक आहे, हे मला बरं वाटत नाही.

पहिली मोठी लढाई संपून थोडे दिवस झाले होते. रस्ते, शाळा, दवाखाने ही खाती मुंबईत लोकांच्या मंत्र्यांकडे आली आणि खाली आमच्यासारख्या जिल्हा बोर्डांवर निवडून आलेले सभासद जास्त बसू लागले. अधिकार आले, पण त्याच सुमाराला वरून येणारी ग्रँट आटली. नवे सभासद हौशी होते, प्रामाणिकही होते. लोकांच्या पैशाची उधळपट्टी थांबवायची, हे त्यांनी मतं मागताना सांगितलं होतं आणि ते त्यांना करून दाखवायचं होतं. त्यांच्या एका बैठकीत असं निघालं, की वर्षभर मैलकुली पोसण्यापेक्षा रस्ता वर्षातून एकदा मक्त्यानं दुरुस्त करून घ्यावा. आधी एका मैलावर करून पाहावं. कुठल्या मैलावर, ते ओव्हरसियरनं पाहणी करून कळवावं. जिथला माणूस कामचुकार असेल तो मैल निवडावा.

तो ओव्हरसियर मी. चोवीस वर्षांचा, खानापूरकडच्या खेड्यातला, नोकरी अजून कायम व्हायची. लाकडाच्या गाड्या ओढून ओढून घट्ट झालेले आमच्याकडचे जांभ्या मातीचे रस्ते मी लहानपणापासून पाहिले होते आणि रस्ता म्हणजे तोच, अशी माझी समजूत होती. पुण्याला शिकून आलो होतो, त्यामुळे रस्त्याला दोन्ही अंगांना उतार किती हवा, मुरमाचा थर किती जाड हवा, हे मला तोंडपाठ होतं. सायकलवरून मी तो सगळा रस्ता पाहिला. पहिला मैल बरा, दुसरा बरा, तिसरा बरा. चौथ्या मैलावर आलो तर भर रस्त्यात दगड! नारळाएवढे, काही त्याहून मोठे, कुठं एक, कुठं दोन, चांगले चुन्यानं पांढरे केलेले. मी सायकलवरून उतरलो. एक दगड बुटाच्या टोकानं हलवून पाहिला. खिशातली वही काढली आणि लिहिलं, "मैल चौथा. मैलकुली अत्यंत निष्काळजी. रस्त्यावर दगड विखुरलेले. वाहतुकीस धोका." वही खिशात घातली आणि पुढं निघालो. दहा पावलांवर लिंबाखाली एक माणूस हातात पाटी घेऊन उभा होता, तो माझ्याकडे बघत होता, हे मला दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण दिसलं होतं.

महिन्याभरानं हुकूम घेऊन मीच गेलो. मैलकुलीचा बिल्ला जमा करून घ्यायचा होता. सिदाप्पानं तो छातीवरून सोडला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. गंगाक्का, त्याची बायको, झोपडीच्या दारात उभी होती. तो अगदी शांतपणे म्हणाला, "दगडं बी न्हेणार काय, सायेब?"

मला वाटलं, चेष्टा करतो आहे. मी म्हटलं, "दगड घेऊन काय करू मी? तू टाकलेस, तूच उचल."

"बरं," तो म्हणाला. आणि खरंच, त्यानं एकेक दगड उचलून रस्त्याच्या कडेला नीट ओळीनं मांडून ठेवला. मी परत निघालो तेव्हा मागं वळून पाहिलं. रस्ता स्वच्छ, मोकळा दिसत होता. मला समाधान वाटलं.

मक्तेदारानं मुरूम टाकला, धुम्मस केली, रस्ता तुकतुकीत झाला. मी पाहणी करून "काम समाधानकारक" म्हणून लिहिलं. पुढं तंबाखूचा हंगाम सुरू झाला आणि रोज निपाणीकडे गाड्यांची रांग लागली. मी पुन्हा त्या रस्त्यावर गेलो तेव्हा चौथ्या मैलावर एक गाडी कलंडली होती. आस मोडला होता, बोद शेजारच्या शेतात जाऊन पडले होते आणि तरणाताठा इराप्पा बांधावर बसून बिडी ओढत होता. रस्त्याच्या मधोमध दोन चर पडले होते, इतके खोल की माझी पोटरी आत जाईल. मी सायकलवरून उतरलो तसा तो म्हणाला, "या, सायेब! बसा. गाडी उठायला सांज हुतीया. तवर तुमचा रस्ता बगा."

"एवढी चाकोरी कशानं पडली?" मी विचारलं.

"कशानं म्हंजे? चाकानं. रस्ता झोपलाय न्हवं का." मला कळलं नाही, हे त्याला कळलं. मग त्यानं बिडी विझवली आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "ह्यो रस्ता काळ्या रानातनं जातोय. वर मुरूम दोन बोटं, खाली लोणी. बैल लई शाणा, पर आळशी. म्होरल्या चाकाची वाट दिसली की त्यातनंच जाणार, आणि आमी तर काय, गाडीवर झोपल्यालो. सगळ्या गाड्या एकाच रेघंवरनं गेल्या की झालं, रस्ता कापला. म्हणून सिदाप्पा रेघंवर दगड ठेवायचा. दगड दिसला की बैल कड घेतोय. सकाळी हितं, सांजला तितं. रोज हलवायचा, म्हंजे रोज चाकं नव्या जागंवरनं जायाची आणि समदा रस्ता सारखा दबायचा. धुम्मस आमचीच गाडी करायची, फुकाट." मग माझ्याकडे बघून हसला. "बोर्डानं दगड उचलायला लावलं म्हणं. कुणी लई हुशार साहेब आलाय."

तो हुशार साहेब मीच, हे त्याला ठाऊक नव्हतं. की होतं? आजही मला सांगता येत नाही. मी "बरं, बघतो" म्हटलं आणि निघालो. त्या दिवशी कचेरीत जाऊन दोन ओळी लिहिल्या असत्या, की माझी चूक झाली, मला हे काम समजलं नव्हतं, तर सगळं मिटलं असतं. मी कागद घेतलाही. पण नोकरी कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात वर गेला होता. माझी बायको बाळंतपणाला माहेरी होती. घरी वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं, की पोरगा सरकारात चिकटला. ही कारणं मी आज लिहितो आहे, पण ती कारणं म्हणून नव्हे. माणूस किती साध्या गोष्टींसाठी गप्प बसतो ते कळावं म्हणून. कोरा कागद मी परत गठ्ठ्यात ठेवला.

सिदाप्पा त्या दिवसांत दुसऱ्यांच्या रानात तंबाखूच्या खुडणीला जात असे. एका सकाळी मी लवकर त्या रस्त्यानं चाललो होतो. पाहतो तर कडेला ओळीनं मांडलेले दगड पुन्हा रस्त्यावर आलेले, आणि सिदाप्पा पोटाशी एक दगड धरून उभा. आम्ही समोरासमोर आलो. त्यानं दगड खाली ठेवला, हात झटकले. "हुकूम न्हाय ते ठावं हाय, सायेब," तो म्हणाला. "पर रानात जाताना माझ्या वाटंवर पडत्यात. बगवत न्हाय."

"असू दे," मी म्हणालो.

त्या वर्षातलं माझं सगळं धैर्य या दोन शब्दांत संपलं. बिल्ला माझ्या टेबलाच्या खणात, आणि काम तो बिल्ल्याशिवाय करतोय. मी पाहत होतो आणि पगार माझा मी घेत होतो.

पुढं जे झालं त्याचं श्रेय मला नाही. ते गाडीवानांचं आहे आणि, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, त्या नव्या बोर्डाचंही आहे. आजकाल बोर्डांना नावं ठेवण्याची रीत आहे. निवडून आलेल्यांना काही कळत नाही, पूर्वीचे साहेबच बरे, असं मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकतो. पूर्वीच्या साहेबांकडे इराप्पा गेला असता तर फाटकातून परत आला असता. इथं चाळीसेक गाडीवानांनी अंगठे उठवून अर्ज केला आणि आपल्या भागाच्या सभासदाला सांगितलं, "ह्यो वाचून दाखवा, न्हायतर म्होरल्या खेपेला मतं मागाय येऊ नगासा." आणि त्यानं तो भर बैठकीत वाचून दाखवला. अर्ज विनोदी होता. एका ठिकाणी म्हटलं होतं, की आम्हाला मुरूम नको, आम्हाला आमचे दगड द्या. सभासद हसले. मग प्रेसिडेंट गंभीर झाले. ते म्हणाले, "ही योजना आपण चांगल्या हेतूनं केली. चूक झाली असेल तर ती दुरुस्त करायलाच लोकांनी आपल्याला इथं बसवलंय." एकानं विचारलं, "पण हा मैल निवडला कुणी? माणूस कामचुकार आहे असा रिपोर्ट होता ना?"

मी भिंतीशी खुर्चीवर होतो, मांडीवर त्या रिपोर्टाची फाईल. माझं अक्षर त्यात होतं. सगळे अर्धा क्षण थांबले... मी उठलो नाही. प्रेसिडेंट म्हणाले, "जाऊ द्या, पुढचं बोला." आणि मक्त्याचा प्रयोग बंद झाला, मैलकुली राहिले, चौथ्या मैलावर सिदाप्पाला परत घ्यावं असं ठरलं. त्या ठरावाची टिपणी मीच लिहिली. तिच्यात मी "अनुभवांती असे दिसून आले की" असं लिहिलं. कोणाच्या अनुभवांती, ते लिहिलं नाही. बिल्ला परत द्यायला गेलो तेव्हा सिदाप्पानं तो पुन्हा सोग्यानं पुसला, जणू कालच दिला होता, आणि छातीवर लावून म्हणाला, "जरा लोणचं-भाकरी खाऊन जावा." मी खाल्ली.

त्यानंतरची वर्षं मात्र सुखाची गेली आणि तीच जास्त आठवतात. त्या रस्त्यावर गेलो की माझी सायकल आपोआप लिंबाखाली थांबायची. "अरे सिदाप्पा"चं "आप्पा" कधी झालं ते मला आठवत नाही. काळ्या मातीबद्दल जे काही मला कळतं ते मी त्याच्याकडून शिकलो. पाऊस थांबल्यावर कितव्या दिवशी मुरूम टाकायचा, गटाराला कुठं तोंड द्यायचं, बाभळीचं मूळ रस्त्याखाली आलं की ते कसं ओळखायचं. गंगाक्का आंबील आणून द्यायची आणि नवऱ्यावर तोंड टाकायची, "सायबांच्या म्होरं रस्त्याचंच बोलतंय. माज्यासंगं बी रस्त्याचंच बोलतंय. लगीन माज्यासंगं केलंय का ह्या मैलासंगं, इचारा की!" तो हसून म्हणायचा, "मैल गप पडून ऱ्हातोय गं. तेवढाच फरक."

पुढं मुंबईत पूर्ण लोकांचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा एक मंत्री दवाखान्याची इमारत पाहायला त्या रस्त्यानं जायचे होते. आदल्या दिवशी वरच्या साहेबांनी मला पाठवलं, दगड बाजूला करायला सांग म्हणून. मी आप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "मोटारीला चाकं न्हाईत व्हय?" मी म्हटलं, "आहेत." "मग जाऊ द्या की वळसा घालून. रस्ता लोकांचा, मंत्री बी लोकांचं." मी त्या वेळी कुणाचंही ऐकलं नाही, त्याचं ऐकलं. मोटार दगडांतून नागमोडी गेली. मंत्र्यांनी मोटार थांबवून हे काय म्हणून विचारलं, आप्पानं इराप्पाच्याच शब्दांत समजावलं आणि मंत्री उतरून दोन दगड ओलांडून चालत गेले. वरचे साहेब माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मला त्याचं काहीच वाटलं नाही. काही तरी फेडल्यासारखं झालं होतं.

पण फेडलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात, आता मी बेळगावला वरच्या जागी आहे, एकदा रजा काढून मुद्दाम गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. आप्पा बाजूच्या झाडांना पाणी घालून बसला होता. मी म्हटलं, "आप्पा, पंचवीस वर्षांपूर्वी तुझा बिल्ला गेला, तो रिपोर्ट माझा होता. निष्काळजी मीच लिहिलं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तंबाखू मळत राहिला. "मग कुणाचा असणार? सायकलीवरनं तुमी आलतासा. रिपोर्ट काय सायकल लिवतीया?"

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय की."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"बोलून काय करू? तवा तुमी नवं. काळं रान बघितल्यालं न्हाय. चुकतंय माणूस." तंबाखूची चिमूट त्यानं गालात धरली. मला वाटलं संपलं. मग तो म्हणाला, "रिपोर्टाचं काय न्हाय, सायेब. एकच वाईट वाटलं. मी धा पावलांवर हुतो. तुमी दगड बगितला, वही काडलासा, लिवलासा आणि गेलासा. दगड का ठेवलाईस रं, येवढं इचारलं न्हाईसा. इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

गंगाक्कानं आंबील दिली. निघताना त्यानं नेहमीसारखा हात वर केला. तीच शेवटची भेट.

परवा मी चौथ्या मैलावर जाऊन आलो. नवा मैलकुली अजून नेमला गेलेला नाही. मनात होतं, की दगड एव्हाना एका जागी पडून राहिले असतील आणि चाकोरी धरली असेल. तसं नव्हतं. रस्ता सपाट होता, दगड ताजे हलवलेले होते. जिथून उचलले तिथल्या मुरमावर ओले गोल डाग दिसत होते. फक्त एक दगड, सगळ्यांत मोठा, मला चुकीच्या जागी वाटला. तो चाकाच्या रेघेवर नव्हता, पार कडेला, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीच्या तोंडाशी होता. तिथं त्याचा काही उपयोग नव्हता. माझा हात सवयीनं खिशातल्या वहीकडे गेला. मग मी वही तशीच ठेवली आणि लिंबाकडे पाहिलं. दहा पावलांवर, पाटी घेऊन, गंगाक्का उभी होती.

"आक्का," मी हाक मारली, "हा दगड इथं का ठेवलाय?"

ती जवळ आली. "दगडं मी रोज हलीवते, नवा माणूस येईस्तवर. पर त्यो मी हलीवला न्हाय," ती म्हणाली. "त्यो त्येंचा हाय. खाली मोरीची फरशी तडकलीया. भरल्याली गाडी त्या कडंनं गेली तर आत जाईल म्हणून ठेवला. त्येंनीच म्हटलं हुतं, सायेब आलं की सांग म्हणून. मग म्हणालं, नको, ते इचारतील बग."

मी रस्त्यावर आडवा झालो आणि मोरीत डोकं घालून पाहिलं. फरशी मधोमध तडकली होती. तेव्हा मी वही काढली आणि गंगाक्काला विचारून विचारून लिहिलं. कुठल्या बाजूला, किती दिवसांपासून, गाड्या कशा जातात. दुरुस्ती या आठवड्यात होईल. तोवर तो दगड तिथंच राहील. गाड्या त्याला वळसा घालून जातात, मीही घालून आलो.